कोरड्या हाताची सही

जागा मिळाल्याचा आनंद माणसाला किती वेळ टिकावा? दोन दिवस तरी? मोजणीला तो टिकला जेमतेम दीड मिनिट. पत्राच्या वरच्या अर्ध्या भागात लिहिलं होतं, की लहान मुलांच्या कृत्रिम अवयवांच्या मास्टर्ससाठी तुमची निवड झाली आहे, एकूण जागा बारा, अभिनंदन. खालच्या अर्ध्या भागात फी होती. ती वाचून तिने पत्राची घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवली, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काढून पाहिली. मघाशी आपण एक शून्य जास्त तर वाचलं नाही ना? नव्हतं वाचलं. सगळी शून्यं जागच्या जागी होती.

मोजणी हे काही तिचं नाव नव्हे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा होती, तिथे अकरा वर्षांपूर्वी ती मदतनीस म्हणून लागली. प्रत्येक माप तीन-तीनदा घ्यायची, म्हणून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिला मोजणी म्हणायला सुरुवात केली, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा "या मोजणीबाई" म्हणायला लागला. मास्तर म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख. पाय बनवणारा नोंदणीकृत माणूस तिथे एकच, तो म्हणजे मास्तर. मोजणीने नोकरी सांभाळून संध्याकाळच्या कॉलेजातून पदवी घेतली होती, पण जागा मदतनिसाची ती मदतनिसाचीच राहिली होती.

पत्रात दोन चौकोन होते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्यातल्या एकात खूण करून पाठवायची. पहिला चौकोन पूर्णवेळचा. दोन वर्षं, रोज वर्ग, शहर पाच तासांवर, म्हणजे नोकरी सोडायची. पण ज्याने दहा रुग्णांचे पाय स्वतःच्या हाताने केलेत आणि तसं ज्याच्या प्रमुखाने सही करून लिहून दिलंय, त्याला फी अर्धी. दुसरा चौकोन अर्धवेळचा. तीन वर्षं, शनिवार-रविवार, नोकरी शाबूत. पण फी सगळीच्या सगळी, एक पैसा कमी नाही. नोकरी सोडा म्हणजे सवलत, नोकरी ठेवा म्हणजे भुर्दंड! हे ज्या कुणी डोकं लढवून ठरवलं, त्याला कधी महिन्याच्या पंचवीस तारखेला भाजी आणायला पाठवलं पाहिजे.

मग नका ना शिकू, असं कुणी म्हणेल. अडलंय कुणाचं? तर अडलं होतं. गेल्या वर्षी सात वर्षांची एक मुलगी यायची. गुडघ्याखाली पाय गेलेला. मोजणीने तिला वर्षभरात चार पाय करून दिले, चारही दुखायचे. पोर समांतर दांड्या धरून दोन पावलं टाकायची आणि ओठ चावायची. मोजणीला वाटायचं, आपलं माप चुकतंय. साचा पुन्हा घासायचा, सॉकेट, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती प्लास्टिकची वाटी, पुन्हा ओढायचं, पुन्हा तेच. माप चुकत नव्हतंच. मोठ्या माणसाचा पाय कापला की तिथलं हाड वाढत नाही, पण मुलांचं आतल्या आत वाढत राहतं, टोकदार होत जातं. हे तिला माहीत नव्हतं, मास्तरांनाही नव्हतं. सर्जनला दाखवेपर्यंत हाड कातडीच्या खाली येऊन टेकलं होतं. पोरीचा पाय दुसऱ्यांदा कापावा लागला. मुलीची आई नंतर भेटायला आली तेव्हा एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, "तुम्ही तर बिचाऱ्या चार-चारदा करून दिलात." तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवसापासून मोजणीच्या मनाने घेतलं, की हे शिकायचं. कार्यशाळेच्या यादीत अजून एकोणीस मुलं होती आणि त्यातलं कुठलंही मूल समोर आलं की ती माप तीनदाऐवजी सहादा घ्यायची.

सोमवारी संध्याकाळी ती आणि नवरा स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले. नवरा बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे चारला उठून पाव-बिस्किटं दुकानोदुकानी टाकायची. गाडी त्याची स्वतःची, म्हणजे चौदा हप्ते फिटल्यावर त्याची स्वतःची.

"गाडी विकून टाकतो," तो म्हणाला.

"आणि पाव काय डोक्यावर घेऊन वाटणार?"

"लोक काय, ताजा पाव मिळाल्याशी मतलब. कसा आला ते कोण विचारतंय."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. त्याने कागद आपल्याकडे ओढला आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून केला, जरा मोठे आकडे काढून. तिच्या फंडाचे पैसे, त्याची बचत, तिचं मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं. अर्धी फी आणि तिथलं खोलीभाडं ओढूनताणून बसत होतं. पूर्ण फी कशीही मांडली तरी बसत नव्हती. म्हणजे नोकरी ठेवून शिकणं परवडणार नव्हतं आणि नोकरी सोडली तरच शिकता येणार होतं. आहे की नाही गंमत?

मंगळवारी ती बँकेत गेली. बँकेतला माणूस फार गोड बोलला, पाणीसुद्धा विचारलं, आणि म्हणाला, जामीन आणा किंवा घराचे कागद. घर भाड्याचं. तिथून ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताईचं कपड्यांचं दुकान होतं, हातात पैसा खेळता होता, आणि लहानपणापासून हिच्यावर जीवही होता. पण ताईच्या जीव लावण्याची तऱ्हा अशी, की समोरच्याने जीव मुठीत धरून बसावं.

"चौतिसाव्या वर्षी दप्तर घेऊन निघालीस? नवऱ्याला डबा कोण देणार, ते बेकरीवाले?" ताई गिऱ्हाइकासमोर साडीची घडी उलगडत म्हणाली. "दुकान टाक. आत्ताच्या आत्ता पैसे देते. पण पाय-बिय शिकायला माझ्याकडे फुटकी कवडी मागू नकोस. अगं, त्यात पुढे मिळणार काय?"

मोजणीने त्या मुलीबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाच साड्या पसरून बसलेल्या बाईसमोर ते काय सांगायचं?

बुधवारी तिने मास्तरांना सांगितलं. तेव्हापर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, कारण जायचं म्हणजे मास्तरांना सोडून जायचं, आणि ते कसं सांगावं हे तिला उमगत नव्हतं. आता सवलतीचं पत्र मास्तरांनीच द्यायचं होतं, त्यामुळे सांगणं भाग पडलं. मास्तर साचा घासायच्या टेबलाशी उभे होते. हातात कानस होती, नुसती हातात.

"बारा जागा," ते म्हणाले. "त्यातली एक आपली?" आणि तिच्या पाठीत असा धपाटा घातला की प्लास्टरचा पांढरा पंजा उमटला. मग ते नळाशी गेले, साबण लावून हात धुतले, नखं धुतली, रुमालाला पुसले, खुर्चीवर ऐटीत बसले आणि म्हणाले, "आण ते पत्र. आज मी स्वतः सही करणार."

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कार्यशाळेत प्रत्येक पायाचं एक कार्ड असतं आणि त्यावर प्रमुखाची सही लागते. पण पाय बनवणाऱ्यांचे हात दिवसभर ओल्या प्लास्टरने माखलेले. सही करायला धुवावेत तर प्लास्टर घट्ट होऊन जातं, न धुवावेत तर कार्ड खराब. म्हणून तिथला जुना शिरस्ता होता, की ज्याचे हात कोरडे त्याने मास्तरांची सही ठोकायची. "मोजणे, हात कोरडे आहेत ना? मार गं माझी सही." यात कुणालाच काही गैर वाटायचं नाही, कारण पाय मास्तरांनी पाहिलेला असायचा. मग चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहा सांडायला लागला, मग कानस घसरायला लागली. डॉक्टरने कंपवात सांगितला आणि मास्तरांनी ते घरी बायकोला आणि इथे मोजणीला सोडून कुणाला कळू दिलं नाही. तेव्हापासून मास्तर सांगायचे आणि मोजणी करायची. माप तिचं, साचा तिचा, सॉकेट तिचं, आणि मास्तरांचे हात काही कोरडे व्हायचं नाव घेईनात. चार वर्षं सगळ्या कार्डांवर आणि कार्यशाळेतून जाणाऱ्या सगळ्या कागदांवर मोजणीच्या हातची सही होती. ठसठशीत, शेवटी लांब शेपूट असलेली. मास्तरांच्या पूर्ण पेन्शनला वीस महिने बाकी होते.

तर मास्तरांनी स्वतः सही केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, जीभ दातांत धरली, आणि चांगली दोन मिनिटं घेऊन नाव काढलं. अक्षरं वाकडीतिकडी झाली, शेपूट जमलंच नाही. "झाली!" म्हणाले, आणि दहावीचा निकाल लागल्यासारखे हसले. मोजणीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. चार वर्षांत दोघांनाही ती सही इतकी मास्तरांची वाटायला लागली होती, की खरी वेगळी निघेल हे ध्यानातच आलं नाही. अशी चूक जगात या दोघांच्याच हातून व्हायची! तिने दहा कार्डं आणि ते पत्र स्कॅन करून पाठवून दिलं आणि त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

गुरुवारी दुपारी फोन आला. विद्यापीठातल्या बाई होत्या. आवाज शांत आणि कोरडा.

"तुमची दहा कार्डं पाहिली. काम उत्तम आहे. कार्डांवरची प्रमुखांची सही अगदी स्पष्ट आहे. पण शिफारसपत्रावरची सही तिच्याशी जुळत नाही. कुणीतरी चाचपडत गिरवल्यासारखी दिसते." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही केलीत का ती?"

"नाही हो! त्यांनीच केलीय. माझ्यासमोर केलीय."

"हे पाहा, मुलं घाईत असं करतात, मला माहीत आहे. मी अजून वर कळवलेलं नाही. उद्या पाचपर्यंत खऱ्या सहीचं पत्र पाठवा. नाहीतर सवलत जाईल, आणि हे प्रकरण समितीपुढे ठेवावं लागेल."

मोजणीने फोन ठेवला. ती प्लास्टिक तापवायच्या भट्टीशेजारच्या स्टुलावर बसली. खरी सही खोटी ठरली होती आणि खोटी खरी. आणि हे समजावून सांगायचं तर कुणाला? ‘बाई, कार्डांवरच्या सह्या मीच केल्यात,’ असं म्हटलं असतं तर सवलत गेली असती, जागा गेली असती, मास्तरांची पेन्शन गेली असती आणि चार वर्षांचे पाय चौकशीत अडकले असते. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "गाडी खरंच विकू का गं?" तिला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की ती उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

शुक्रवारी सकाळी तिने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर आधी हसत सुटले. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे मला माझीच सही येत नाही म्हण की!"

"हसू नका हो मास्तर. माझा जीव चाललाय."

ते थांबले. "मग कर सही. तुझ्या हातची. नवीन पत्र करू, तू ठोक सही. आजवर हजार वेळा ठोकलीस."

"त्या पायांच्या होत्या. माणूस समोर उभा राहून चालायचा, तेव्हा करायचे मी सही. हे माझंच कौतुक, मीच लिहून, मीच खाली तुमचं नाव घालायचं?" तिचा आवाज चढला. "आणि मी गेल्यावर काय करणार तुम्ही? कोण करणार साचा? मी नाही जात. अर्धवेळ करते."

"पैसे?"

ती टेबलावरचा प्लास्टरचा चुरा हाताने गोळा करायला लागली.

"म्हणजे नाहीच शिकत, असं सरळ बोल ना," मास्तर म्हणाले, आणि छत्री घेऊन बाहेर निघून गेले.

ते दुपारभर आले नाहीत. मोजणीने एका म्हाताऱ्याचा साचा भरला, तो कधी नव्हे तो तडकला, पुन्हा भरला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर पाच मिनिटांनी बघत होती. तीन वाजले. साडेतीन वाजले. चारला दहा कमी असताना मास्तर आले. बाहेरच्या टायपिंगच्या दुकानातून दोन कागद छापून आणले होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर कानस ठेवली.

पहिलं शिफारसपत्र होतं. दुसरं वाचताना मोजणीला आधी काही कळेचना. प्रकृतीच्या कारणास्तव, येत्या एक तारखेपासून, मला सेवेतून मुक्त करावं.

"हे काय?"

"वाचता येतं ना तुला?"

"वीस महिने राहिलेत, मास्तर! वेड लागलंय का तुम्हाला?"

"ऐक," ते म्हणाले. "आरडाओरडा करू नकोस, बाहेर लोक बसलेत. तू गेलीस की नवीन मदतनीस येणार. त्याच्यासमोर मला कानस धरावी लागणार, पेन धरावं लागणार. पहिल्याच दिवशी बिंग फुटेल. मग काढतील जुनी कार्डं बाहेर. त्यात तुझी दहाही आली. तुझं शिक्षण अर्ध्यात बंद, माझी पेन्शन बंद. त्यापेक्षा मी आधी जातो. कमी मिळेल, पण मिळेल. कार्डं कपाटात राहतील."

"काकूंना काय सांगणार?"

"सांगितलं. म्हणाली, चहा इथे सांडलात तरी मीच पुसते, तिथे कशाला जाता सांडायला." ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही.

मोजणी रडायला लागली. मोठ्याने, नाक ओढत. तिला ओरडून सांगायचं होतं, की नको मला ती मास्टर्स, नको त्या बारा जागा, मी जन्मभर मदतनीस राहीन. पण तोंडातून ते निघेना, कारण ते खरं नव्हतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिची तिलाच लाज वाटली.

"मग हे तरी तुमच्या हाताने करा," ती राजीनाम्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हे मी नाही करणार. मेले तरी नाही."

"केलं असतं. पण पगाराच्या खिडकीवरचा कारकून जुन्या कागदाशी सही ताडून बघतो. नाही जुळली तर विचारेल, मास्तर, सहीला काय झालं? मग काय सांगू?" त्यांनी खिशातून पेन काढलं. ते त्यांच्या बोटांत थडथडत होतं. त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. "पाचला पन्नास मिनिटं आहेत. हात कोरडे आहेत ना तुझे?"

तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. ती नळाशी गेली. प्लास्टर सुटता सुटेना, तिने ते नखांनी खरवडलं. मग परत येऊन बसली आणि पहिल्या कागदावर सही केली. दुसरा कागद पुढे ओढला. मास्तर शेजारी उभे राहून बघत होते.

"हात थांबवू नकोस," ते हळूच म्हणाले. "एका दमात कर."

तिने एका दमात केली. शेपटासकट.

खिडकीशी गर्दी नव्हती. मास्तरांनी राजीनामा आत सरकवला, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि उभे राहिले. त्यांच्या मागे मोजणी, हातात शिफारसपत्र आणि त्याला टाचलेला, पहिल्या चौकोनात खूण केलेला कागद. विद्यापीठाला कागद पाठवायचा स्कॅनर त्याच खोलीत होता. कारकुनाने कागद वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"काय मास्तर, हे काय मधेच? असं कसं चालेल? तुमच्याशिवाय ती कार्यशाळा म्हणजे..."

"बघ रे बाबा लवकर, घरी जायचंय."

कारकुनाने फाइल काढली, एक जुना कागद शोधला, दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि मान हलवली. मग शिक्का मारला.

"प्रकृतीचं कारण दिलंत खरं," तो म्हणाला, "पण सही बाकी अजून तरण्या माणसाची आहे हो तुमची."

मास्तरांनी खिशातले हात काढले नाहीत. मान तेवढी डोलावली आणि दाराच्या बाजूला सरकले, तिला वाट द्यायला. मोजणीला वाटलं, इथल्या इथे खाली बसावं आणि त्यांचे पाय धरावेत. भिंतीवरच्या घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी होती.

"या मोजणीबाई," कारकून म्हणाला. "तुमचं काय आहे?"

तिने पत्र पुढे केलं.